चौथा थांबलाच नाही

जप्तीची माणसं सोफा, टीव्ही, लोखंडी कपाट आणि आईचं ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र घेऊन गेली, पण पोडियम ठेवून गेली. एक, दोन, तीन असे आकडे रंगवलेला, शर्यतीनंतर विजेते ज्यावर उभे राहतात तो लाकडी पोडियम, थोरल्याने घरात आणून ठेवलेला. कागदावर त्याला काय म्हणायचं यावरून त्यांच्यात बराच वाद झाला. एक म्हणाला टेबल, दुसरा म्हणाला जिना. शेवटी त्यांचे साहेब म्हणाले, जिना असेल तर तो इमारतीचा भाग झाला, आपल्याला नेता येणार नाही.

त्यामुळे रविवारी दुपारी बैठकीला घरची माणसं पोडियमवर बसली होती. एक नंबरवर आई. पाय जमिनीला टेकत नव्हते, पण ते कोणत्याच खुर्चीवरून टेकत नसत. दोन नंबरवर मामा, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून. तीन नंबरवर शिक्का मांडीवर घेऊन नोटरी. तो घरचा नव्हता, पण रविवारची फी दुप्पट असल्यामुळे अगदी घरच्यासारखा वागत होता. धाकटा भिंतीला टेकला होता. मधली खिडकीपाशी उभी राहून खाली बघत होती. घरचा विषय निघाला की ती खिडकीपाशीच उभी राही. पडदे शिवणारीला खिडकीचा आधार वाटतो.

ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो घरातला थोरला, पण त्याला सगळं गाव तिसरा म्हणे. चार जणांच्या रिले शर्यतीत तो कायम तिसरा धावायचा. दुसरा जीव तोडून धावत येतो आणि ओरडतो, "हात." तिसऱ्याने तोवर पळायला सुरुवात केलेली असते. त्याने मागे बघायचं नसतं, नुसता पंजा मागे धरायचा. पंजात जे पडेल ते घट्ट धरायचं, वळण संपेपर्यंत धावायचं, पुढच्याला "हात" म्हणून ते त्याच्या हातात द्यायचं आणि थांबायचं. या देण्याघेण्याला म्हणतात बदल. तिसऱ्याने आयुष्यात शर्यतीची सुरुवात पाहिली नव्हती आणि शेवटही पाहिला नव्हता. देशाला सुवर्णपदक मिळालं तेव्हा तो गुडघ्यांवर हात ठेवून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. कोणीतरी जिंकलंय हे त्याला लोकांच्या ओरडण्यावरून कळलं. ते आपणच आहोत हे कळायला थोडा वेळ लागला.

या सगळ्याचा सराव जुन्या घराच्या मागच्या अंगणात झाला होता. वडील पडदे शिवायचे. त्यांनी पडद्याच्या पितळी पोकळ दांड्याचा एक तुकडा कापून दिला, तोच बॅटन. सरावाला चौथा लागतो म्हणून मधलीला उभं केलं जाई. दादा मागून धावत येई, "हात" म्हणे, ती न बघता पंजा मागे करी, दांडा घेई आणि दोन-चार पावलांवर भिंत आली की थांबे. घेऊन पुढे कुठे जायचं हे तिला कोणी सांगितलं नाही. पुढे भिंतच होती.

त्या सरावाने सगळ्या घरालाच वळण लागलं. या घरात कोणीही "हात" म्हटलं की ऐकणाऱ्याचा पंजा आपोआप मागे जातो. मीठ, किल्ल्या, छत्र्या अशाच दिल्या-घेतल्या जात. एकदा धाकट्याची तान्ही मुलगीसुद्धा आईकडून वहिनीकडे, म्हणजे तिसऱ्याच्या बायकोकडे, याच पद्धतीने गेली. तिला काही झालं नाही. पाहुणे मात्र लवकर उठले.

पदकानंतर तिसऱ्याने बुटांचं दुकान काढलं, मग आणखी दोन. मग कोणीतरी म्हणालं, तुझ्या हातून बॅटन कधी पडलं नाही, आमचे पैसे तूच सांभाळ. तिसऱ्याने पंजा मागे धरला. लोक ठेवत गेले. ऑफिस झालं. ऑफिसच्या बोळात लाल रंग देऊन पांढऱ्या रेघा आखल्या आणि फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे धावतच न्यायची असा नियम केला. हिशेबनीस दोनदा घसरला. तिसऱ्यांदा घसरायच्या आधी त्याने धीर करून विचारलं होतं, "साहेब, हे पैसे येतात कुठून?"

"मागून."

"आणि जातात कुठे?"

"चौथ्याकडे."

"आणि त्याच्याकडून?"

"त्याच्यापुढे शेवट असतो," तिसरा म्हणाला. त्याच्या अनुभवात ते खरंच होतं.

चौथा म्हणजे तोच, शर्यतीतला. जुन्या मैत्रीखातर कंपनीत भागीदार झालेला. एका दुपारी तिसऱ्याने ठेवीदारांच्या सगळ्या रकमेची बॅग घेतली, बोळातून धावत जाऊन "हात" म्हटलं आणि बॅग त्याच्या हातात दिली. चौथ्याने ती घेतली आणि धावला. नेहमीसारखाच धावला. फक्त या वेळी तो थांबला नाही. पोलिसांनी विचारलं, "तुम्ही त्याच्या मागे का गेला नाहीत?" तेव्हा तिसरा म्हणाला होता, "बदल अगदी स्वच्छ झाला होता." ते वाक्य जबाबात तसंच आहे.

त्यानंतर त्याने तिन्ही दुकानं, घर, गाडी विकून ज्यांचं जमेल त्यांचं फेडलं, आणि आईच्या भाड्याच्या घरात राहायला आला. जप्तीची माणसं त्याच्यामागोमाग तिथेही आली. उरलेले ठेवीदार रोज जिन्यात येऊन बसत. कोणी भांडत नसे, कारण जिना वहिनीच्या ताब्यात होता. वहिनी एका दातांच्या दवाखान्यात पेशंटना बसवून ठेवायचं काम करते. तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना नंबर दिले होते.

आताही ती दारातून आत डोकावली. "अहो, जिन्यातले काका विचारतायत, आज काही मिळणारे का नुसतंच बसायचं?"

"नुसतंच बसायचं म्हणावं," तिसरा म्हणाला.

"म्हटलं मी. ते म्हणाले, मग डबा आणला असता."

"दादा, मी आधीच स्पष्ट सांगतो," धाकटा म्हणाला. "माझ्याकडून आता काही मिळणार नाही."

"मी तुझ्याकडे मागितलंच नाही."

"मग ठीक आहे," धाकटा म्हणाला आणि जरा दुखावला.

"मलाही सांगू नका," वहिनी म्हणाली. "मी पगारातून घर चालवतेय तेवढं पुरे."

"मी तर कालच सांगितलंय," आई म्हणाली. "मधले, तू आज कुठेही सही करायची नाहीस. तो कितीही गोड बोलला तरी."

मधलीला बरं वाटलं. सगळं घर एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला, आणि आपल्याला तोंड उघडायची वेळच येणार नाही. कारण तिची अडचण तीच होती. दादाला नाही म्हणायचा शब्द तिच्या घशापर्यंत येई आणि तिथून, जिन्यातल्या लोकांसारखा, पुढे सरकत नसे. पहिल्या दुकानाच्या वेळी तिने बचत दिली होती, दुसऱ्या वेळी उरलेली बचत. आता तिच्याकडे फक्त वडिलांचं पडद्याचं दुकान होतं. रस्त्यावर उघडणारी एक खोली, तीन मशीन, आणि तिथे शिवायला येणाऱ्या दोघी. मरताना वडिलांनी ते तिच्या नावावर केलं होतं. कारण विचारल्यावर म्हणाले होते, "ही सरळ कापते."

तिसरा खोलीच्या मधोमध आला. पन्नाशी उलटली तरी त्याची चाल अशी होती की कोणत्याही क्षणी वळण येईल.

"लोकांना काय हवं असतं?" त्याने विचारलं.

"त्यांचे पैसे," वहिनी म्हणाली.

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीही त्यांचेच होते."

"प्रत्येक माणसाला आयुष्यात एकदा एक नंबरवर उभं राहायचं असतं," तिसरा म्हणाला. "आणि ते राहून जातं. वाढदिवस आहे, निवृत्ती आहे, घटस्फोट आहे. माणूस जिंकतो, पण चढायला काही नसतं. आपण पोडियम भाड्याने द्यायचे."

मामांनी स्टॉपवॉच चालू केलं. ते आयुष्यभर शर्यतींची वेळ मोजत आले होते. कोणी मुद्द्याचं बोलायला लागलं की त्यांचा अंगठा आपोआप दाबला जाई.

"हे असलं कोण घेणार भाड्याने?" धाकटा म्हणाला.

"तू चढून बघ."

"मला काही चढायचं नाही."

"मग नको चढू."

धाकट्याने थोडा वेळ कळ काढली. "आई, जरा सरक."

आई दोनवर सरकली, मामा तीनवर आले, नोटरी शिक्का घेऊन उभा राहिला. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचं निम्मं आयुष्य खड्ड्यात गेलं आहे, लिफ्टच्या खालच्या. माणसं वर जातात आणि तो खालून त्यांचे तळ बघतो. तो एक नंबरवर चढला, हात कुठे ठेवावेत ते न कळून पाठीशी बांधले आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं.

"अरे," तो म्हणाला. मग म्हणाला, "इथून वेगळंच वाटतं रे."

"खाली उतर, मला बघू दे," वहिनी म्हणाली.

"तू तर विरोधात होतीस."

"विरोधातच आहे. नुसती चढून बघते."

वहिनी चढली. दवाखान्यात ती टेबलामागे बसते आणि लोक तिच्या डोक्यावरून डॉक्टरांच्या दाराकडे बघतात. आता सगळे वर मान करून तिच्याकडे बघत होते. तिने पदर सारखा केला. "मला वाटलं होतं तेवढं काही वाईट नाही," ती म्हणाली. "फोटोग्राफर ठेवावा लागेल मात्र. आणि नंबर द्यावे लागतील. ते मी बघेन."

"मी सगळी हयात एक नंबरच्या शेजारी घड्याळ घेऊन उभा राहिलो," मामा हळूच म्हणाले. त्यांना हात देऊन चढवलं. वर गेल्यावर त्यांनी चष्मा पुसला, आणि तो पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"माझं काम झालं की मी एकदा?" नोटरीने विचारलं.

"तुम्हाला फुकट," तिसरा म्हणाला.

एकेक माणूस चढत होता दादाच्या विरोधात आणि उतरत होता दादाच्या बाजूने. शेवटी आई पुन्हा एकवर जाऊन बसली, तेव्हा सगळ्या घराने माना वळवून खिडकीकडे बघितलं.

"एवढंच आहे," तिसरा म्हणाला, "की सुरुवातीला पोडियम बरेच करावे लागतील. त्याला लाकूड लागेल. लाकडाला पैसे लागतील, आणि पैशाला तारण."

"आणि तारणाला?" मधलीने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

"वर्षभराचाच प्रश्न आहे."

"दादा, तिथे दोघी जणी काम करतात."

"त्यांनाही उभं करू. दोघींना एकदम एक नंबरवर. मावतात."

"दे गं, मधले," आई म्हणाली. "एकटीचं ते दुकान. किती धरून बसशील?"

"आई, तू आत्ता म्हणालीस सही करू नकोस."

"तेव्हा मी उभी राहिले नव्हते."

"तू अजूनही बसलीच आहेस."

"एक नंबरवर बसलं तरी तसंच वाटतं," आई म्हणाली.

"ताई, एकदा चढून तर बघ," धाकटा म्हणाला. "मग नाही म्हण."

"वर गेल्यावर कोणी नाही म्हणत नाही," वहिनीने खुलासा केला. अनुभवाचे बोल होते.

मधली चढली नाही. ती पुन्हा खिडकीकडे वळली. खाली रस्त्याच्या वळणापलीकडे दुकानाचं शटर दिसत होतं. आतली तिन्ही मशीन तिला न बघता दिसत होती. उजेडाकडे तोंड केलेलं पहिलं, दोघींपैकी चष्मेवालीचं दुसरं, आणि वडिलांचं, ज्याला अजून ती झाकण घालून ठेवी. नाही, म्हणायचं होतं फक्त. एक शब्द. ती घसा साफ करू लागली. वहिनीने विचारलं, "पाणी देऊ?" तेवढ्यात तो शब्दही गेला.

मागे तिसऱ्याने भिंतीतलं कपाट उघडलं. ते भिंतीतच असल्यामुळे जप्तीतून वाचलं होतं. त्यातून त्याने तो पितळी दांडा काढला. वडिलांनी दुकानाचं खरेदीखत गुंडाळून त्याच पोकळ दांड्यात ठेवलं होतं. म्हणत, चोराला कागद कळतो, दांडा कळत नाही. आता फक्त खत काढायचं, नोटरीने आणलेल्या कागदांवर मधलीने सही करायची, शिक्का बसायचा.

हे सगळं शांतपणे टेबलावर झालं असतं तर आज त्या दुकानात दुसरंच कोणी असतं. पण घरात टेबल उरलं नव्हतं. आणि तिसऱ्याला वस्तू देण्याची एकच पद्धत माहीत होती.

मधली खिडकी सोडून दाराकडे वळली, तोच तिला पाठीमागे पावलं ऐकू आली. ती ओळखीची होती. जड, मग हलकी, मग एकदम जवळ.

"हात," तिसरा म्हणाला.

तिचा पंजा मागे गेला. पितळ त्यात बसलं, थंड, पूर्वी बसायचं तसंच, अंगठ्यापाशी तोच पोचा. तिच्या पायांनी पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि ती भिंतीची वाट बघू लागली. पण भिंतीच्या जागी दार होतं, आणि दार जिन्यातल्या लोकांसाठी उघडं ठेवलेलं होतं.

मधली धावली.

"ताई कुठे चालली?" धाकटा म्हणाला.

"अहो, तिच्या मागे जा ना," वहिनी म्हणाली.

पण तिसरा थांबला होता. दांडा हातातून सुटला त्या क्षणीच त्याच्या पायांनी वेग सोडला, दोन पावलं तो नुसता सांडत गेला आणि दारापाशी गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. बुटांकडे बघत होता.

"अहो."

"बदल झाला," तो धापा टाकत म्हणाला. "स्वच्छ झाला."

"तू तरी जा," वहिनी धाकट्याला म्हणाली.

पण "हात" ऐकताच धाकट्याचाही पंजा मागे गेला होता, आणि तो रिकामाच राहिल्यामुळे तो अजून त्याच्याकडे बघत होता. आईचाही गेला होता. नोटरीने संधी साधून त्यात आपलं बिल ठेवलं. मामांनी अंगठा दाबला होता आणि घड्याळ चालू होतं.

जिन्यातल्या ठेवीदारांनी पाय आवरून वाट दिली. "अहो, हीपण निघाली," एक बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी तो बॅगवाला असाच गेला होता म्हणे." पण कोणी उठलं नाही. उठलं तर नंबर जाईल अशी भीती होती.

मधली रस्त्यावर आली. पायात घरातल्या सपाता, हातात पितळी दांडा. किराणावाल्याने विचारलं, "काय झालं, ताई?" तिने उत्तर दिलं नाही, कारण तिला माहीत नव्हतं. वळणावर तिने मागे बघितलं. या खेळात ते करायचं नसतं. कोणी येत नव्हतं. थांबायला हरकत नव्हती, दुकानही आलं होतं. ती दुकानावरून पुढे गेली. पुढचा चौक, पेट्रोल पंप, शाळेची भिंत. पोटात कळ आली, एक सपात मागे राहिली, आणि चौथा का थांबला नाही हे तिला पहिल्यांदाच कळलं. ते पैशांसाठी नसावं. निदान पैशांच्या आधी काहीतरी दुसरं असावं.

शाळेच्या कोपऱ्यावर ती थांबली, कारण तिला शिवायचे पडदे आठवले. ती सपात शोधत परत आली.

तिसरा संध्याकाळी दुकानात आला. चालत आला. चष्मेवालीने मशीन थांबवलं. दांडा कापायच्या टेबलावर, मोजपट्टीशेजारी पडलेला होता. मधलीने त्यावर हात ठेवला.

"घ्यायला नाही आलो," तो म्हणाला आणि खिशातून मामांचं स्टॉपवॉच काढलं. ते अजून चालू होतं. "मामा बंद करू देत नाहीत. म्हणतात, शर्यत कुठे संपली हे कोणालाच माहीत नाही, मी कसं बंद करू? मग मी म्हटलं, बघून येतो." तो दुकानभर बघत उभा राहिला, पडद्यांच्या गठ्ठ्यांकडे, कड्यांच्या डब्यांकडे, झाकलेल्या मशीनकडे. "इथे संपते होय."

"दादा," मधली म्हणाली. "नाही."

"काय नाही?"

"दुकान नाही देणार."

शब्द बाहेर आला आणि छताला वगैरे काही झालं नाही. चष्मेवालीने धागा ओवला.

"बरं," तिसरा म्हणाला. त्याने घड्याळ बंद केलं आणि आकडा न बघता खिशात टाकलं. जायला वळला, पण गेला नाही. "नोटरी अजून वरच आहे," तो म्हणाला. "एक नंबरवर. उतरत नाही. तासावर फी लावतोय."

मधलीला हसू आलं, ते तिने कापडात घातलं. मग म्हणाली, "पडदे पोचवायला माणूस लागतो मला. इथून घ्यायचे, गिऱ्हाइकाकडे द्यायचे. पगार निम्मा तुला, निम्मा जिन्यात."

तिसऱ्याने विचार केला. एकाकडून घ्यायचं, दुसऱ्याला द्यायचं. "हे मला जमेल," तो म्हणाला.

तिने तयार पडद्यांचा गठ्ठा उचलला. तिसरा तोवर दाराकडे तोंड करून उभा राहिला होता. उजवा पाय पुढे, पंजा मागे, उघडा.

"नाही," मधली म्हणाली. आता तो शब्द सोपा जात होता. "इकडे तोंड करून."

त्याला ते लगेच जमलं नाही. आधी खांदा वळला, मग पाय, मग बाकीचा तिसरा. दोन्ही हात पुढे करून त्याने गठ्ठा घेतला, आणि घेतल्यावर कुठेही धावला नाही. गठ्ठ्याकडे बघत राहिला.

"काय आहे यात?" त्याने विचारलं.

मधलीने गाठ सोडून त्याला दाखवलं.